नस्ती कुठल्या नावाने लावलीय?

आमच्या सोसायटीत सेक्रेटरीपद निवडून येऊन मिळत नाही, वार्षिक सभेला गैरहजर राहून मिळतं. मी एका लग्नासाठी नाशिकला गेले होते. परत आले तर दारात इतिवृत्ताच्या दोन वह्या, वाळून गेलेलं शिक्क्याचं पॅड आणि लोखंडी कपाटाची किल्ली. किल्लीला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला, त्यावर कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं, 'जोरात ओढणे'.

नौपाड्यातली आमची इमारत १९७८ सालची. तळमजला आणि वर तीन मजले. फ्लॅट आमच्या नावावर आहेत, खालची जमीन मात्र अजून बिल्डरच्या नावावर. फ्लॅटच्या मालकीबाबत १९६३ चा मोफा कायदा आहे, त्याखालच्या नियमाप्रमाणे वेगळी मुदत ठरली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने ही जमीन सोसायटीला करून द्यायची. आमच्या बिल्डरने ते चार महिने फारच ऐसपैस घेतले. अशा वेळी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन आपल्या नावावर करून घेता येते. याला अख्खं ठाणं 'डीम्ड कन्व्हेयन्स' म्हणतं. पुनर्विकासाचा विषय निघाला की गोखले रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत पहिले दोन शब्द ऐकू येतात ते हेच.

तर एका रात्री जेवणं आटोपल्यावर मी ते शोधायला बसले. 'डीम्ड कन्व्हेयन्स ठाणे' असं टाकलं. आधी जाहिराती आल्या, मग सल्लागार आले, मग कोट घातलेले, हाताची घडी घालून हसणारे गृहस्थ आले. मग सात लेख आले आणि सातही लेखांत तीच चार वाक्यं खालीवर केलेली. मला हवा होता मूळ सरकारी कागद. कोणती कागदपत्रं लागतात, अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा, हे सरकारने स्वतः कुठे लिहिलंय ते.

अकरा वाजले. आत्या रात्रीची गोळी घ्यायला उठली. ती ऐंशीच्या पुढची आहे, आमच्याकडेच असते. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत काढली, त्यातली बरीचशी अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये. मोबाईल फक्त फोन घ्यायला वापरते, तोही स्पीकरवर.

"काय चाललंय एवढ्या रात्री?"

"अगं, डीम्ड कन्व्हेयन्सचा जीआर शोधतेय."

"डीम्ड म्हणून शोधतेस?"

"मग?"

"सरकार डीम्ड कुठे म्हणतं? मानीव म्हणतं." तिने पाण्याचा घोट घेतला, गोळी गिळली. "मानीव अभिहस्तांतरण."

मी ते दोन शब्द अवतरणचिन्हांत घातले. त्यापुढे इंग्रजीत साइट, कोलन, आणि मध्ये जागा न सोडता गव्ह डॉट इन. एंटर दाबल्यावर कोटवाले गृहस्थ एका फटक्यात उठून गेले. पानावर राहिले फक्त सरकारी पत्ते, त्यातले बरेच पीडीएफ. परिपत्रक, अर्जाचा नमुना ७, जोडायच्या कागदांची यादी. माझा दीड तास गेला होता, तिला अर्धा मिनिट लागलं आणि तेवढ्यात तिची गोळीही घेऊन झाली होती.

गंमत अशी की ही चिन्हं मला चांगली येतात. मी घरबसल्या भाषांतरं करते, यंत्रांची माहितीपत्रकं आणि औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेले ते बारीक अक्षरांचे कागद. एखादी संज्ञा खरंच कुणी वापरतं का हे बघायचं तर अवतरणचिन्हांवाचून गत नाही. ती घातली की सर्च इंजिन स्वतःचं डोकं चालवायचं थांबवतं आणि तेच शब्द त्याच क्रमाने कुठे आहेत ते बघतं. उणे चिन्ह शब्दाला चिकटवलं की तो शब्द असलेली पानं वगळली जातात. साइट कोलनने एकाच पत्त्यावर शोध बांधून ठेवता येतो. फाइलटाइप कोलन लावून पुढे पीडीएफ लिहिलं की फक्त पीडीएफ येतात. इनटाइटल कोलनने शब्द पानाच्या मथळ्यातच असावा लागतो. एवढं येत असलं की माणसाला उगाच वाटू लागतं, आपल्याला शोधता येतं. पण ही नुसती विरामचिन्हं. त्यांच्या मध्ये घालायचा शब्द आत्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी तिला विचारलं, तुला कसं सुचलं? तिला प्रश्नच कळला नाही. "सुचायचंय काय त्यात? रेकॉर्डला कागद मागायला येतात ते त्यांच्या शब्दांत मागतात. लावणाऱ्याने लावलेला असतो त्याच्या शब्दांत. नस्ती कुठल्या नावाने लावलीय ते कळलं की सापडली. नाही कळलं तर समोरच्या रुमालात असून सापडत नाही." नस्ती म्हणजे फाईल, आणि रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा बांधायचं ते लाल कापड. आमच्या लहानपणी तिचा 'रुमाल' ऐकून आम्ही हसायचो, एवढ्या मोठ्या रुमालाने नाक कोण पुसतं म्हणून.

मग तिने मला पाठ म्हणून दाखवावेत तसे शब्द सांगितले. तू कचरा म्हणशील, ते घनकचरा म्हणतील. तू फेरीवाला म्हणशील, ते पथविक्रेता. पाणी येत नाही असं सरकारी कागदात कधी सापडायचं नाही, तिथे अपुऱ्या दाबाने पाणीपुरवठा होतो. गटार तुंबत नाही, मलनिःसारण वाहिनी चोक होते. मी वहीत उतरवून घेत होते आणि ती पोळीला तूप लावत बोलत होती.

तिच्या जोरावर मी एक युक्ती काढली, तिचा मला अजून अभिमान आहे. शासन निर्णयाबद्दलच्या बातम्या ढीगभर सापडतात, शासन निर्णय सापडत नाही. पण अलीकडच्या प्रत्येक जीआरच्या शेवटी एक साच्यातलं वाक्य असतं, तो अमुक 'संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक' असा असा आहे. पुढे अठरा आकडे, आणि त्यांची सुरुवात साल, महिना, तारीख अशी. खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. ही वाक्यं कुठलं वर्तमानपत्र छापणार? म्हणून यातला तुकडा अवतरणात घालायचा आणि सोबत आपला विषय. बातम्या गळून पडतात, खरा कागद उरतो. ज्या वाक्याकडे वाचताना कुणाचं लक्ष जात नाही तेच शोधताना सगळ्यात कामाला येतं. आत्याने हे ऐकून फक्त मान हलवली. तिच्या मते त्यात नवीन काही नव्हतं, जावक क्रमांकावरून पत्र ओळखायचं तसंच.

अर्थात सगळंच असं हाताला लागत नाही. तालुका निवडा, गाव निवडा, चौकटीतली वाकडी अक्षरं टाका, मग पान दाखवतो, अशी जी ठिकाणं असतात तिथे सर्च इंजिन दारातूनच परत येतं. तिथे आपणच जाऊन रांगेत उभं राहायचं.

हे एकदा सुरू झाल्यावर मी आमच्या गावालाच शोधून बघितलं. ठाण्याइतकं शोधायला कटकटीचं गाव दुसरं नसेल. मराठीत 'ठाणे' टाकलं की महाराष्ट्रातली झाडून सगळी पोलीस ठाणी हजर. इंग्रजी स्पेलिंग टाकलं तर स्कॉटलंडचे सरदार येतात, कारण त्यांच्याकडे थेन नावाचा हुद्दा होता आणि स्पेलिंग अक्षरन् अक्षर आपलंच. शेक्सपिअरचा मॅकबेथ आधी ग्लॅमिसचा थेन असतो, मग कॉडरचा होतो. जुनं स्पेलिंग, थाना, टाकून बघावं तर उत्तर भारतातले पोलीस. इतकं जुनं गाव, पण शोधायला गेलं की एकतर पोलीस येतात नाहीतर मॅकबेथ.

मग मी उणे चिन्ह वापरलं. 'ठाणे', उणे 'पोलीस'. स्वच्छ झालं असं वाटलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की मासुंदा तलावाबद्दलचा एक चांगला लेख मला दिसलाच नव्हता, कारण त्यात एका ओळीत विसर्जनाच्या पोलीस बंदोबस्ताचा उल्लेख होता. उणे चिन्हाला तारतम्य नसतं, एका शब्दासाठी अख्खं पान बाहेर. आता मी एकटा 'पोलीस' वगळत नाही, 'पोलीस ठाणे' ही जोडगोळी अवतरणात बांधून तिच्याआधी उणे लावते. आणि 'पोलिस ठाणे' ऱ्हस्व लिसहित वेगळं, कारण आपल्याकडे दोन्ही लिहितात आणि दोन्ही लिहिणाऱ्यांना आपलंच बरोबर वाटतं.

जुन्या काळात जायचं तर आणखी वेगळी नावं. शिलाहारांच्या कोरीव लेखांत ते श्रीस्थानक. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत टॅना, टी ए डबल एन ए, शेवटी कधी एच लावलेला कधी नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती आजच्या स्पेलिंगच्या ठाण्याला आलीच नाही, ती त्या टॅनाला आली. आजचं स्पेलिंग टाकून तेव्हाची बातमी शोधत बसलं तर गाडी कधीच येणार नाही. १८८२ च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये पुन्हा थाना. आणि जुन्या मराठी छापील पानांवर ठाणें, डोक्यावर अनुस्वार घेऊन. ते न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. व्याकरणाच्या दृष्टीने बरं झालं. पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने मराठीचे दोन तुकडे झाले, बिंदूसहित आणि बिंदूरहित, आणि मधल्या भिंतीत दार कुठे आहे ते आपलं आपण शोधायचं.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ही सगळी चिन्हं इंग्रजीच्या अंगाने बेतलेली आहेत. इंग्रजीतली विहीर कुठेही गेली तरी तशीच राहते, 'मध्ये', 'वर', 'चा' हे सगळे तिच्यापासून हातभर लांब बसतात. मराठीत ते शब्दाला येऊन चिकटतात, आणि चिकटताना त्याचं रूपही बदलतात. आमच्या गल्लीतली विहीर कधी बुजवली हे मला एकदा हवं होतं. अवतरणात 'विहीर' घातलं, काही नाही. कारण लिहिणारा 'विहिरीत', 'विहिरीचं', 'विहिरी' असं लिहून गेलेला, यातली 'ही' दीर्घाची ऱ्हस्व झालेली. फुली मारून, म्हणजे तारांकन लावून 'विहिर' पुढे काहीही असू दे असं सांगायला गेले, तर ते तारांकन अख्ख्या शब्दाच्या जागी चालतं, शब्दाच्या शेपटाच्या जागी नाही. मग उरतो एकच मार्ग, सगळी रूपं हाताने लिहायची आणि मध्ये इंग्रजी 'ऑर' घालायचा. तोही मोठ्या अक्षरांत. लहान अक्षरांत लिहिला तर तो एक साधा शब्द धरला जातो आणि आपण तासभर चुकीच्या गावात फिरतो.

हा 'ऑर' आणि ते उणे ज्याच्या नावाने 'बूलियन' म्हणून ओळखले जातात तो गणितज्ञ जॉर्ज बूल, इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या एका चांभाराचा मुलगा. तर्काचं बीजगणित मांडणारं त्याचं मोठं पुस्तक १८५४ चं, आपल्याकडे रूळ ठाण्याच्या पुढे कल्याणला पोचले ते वर्ष. त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, तोच एव्हरेस्ट, ज्याने आपला देश मोजला आणि ज्याचं नाव शिखराला लागलं. याचा शोधाशी काही संबंध नाही, पण एकदा डोक्यात बसल्यापासून 'ऑर' टाइप करताना मला तो चांभाराचा मुलगा आठवतो.

मराठीची आणखी एक खोड म्हणजे फॉन्ट. सरकारी आणि निमसरकारी जुन्या पीडीएफ उघडल्या तर डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं. तेच उचलून दुसरीकडे चिकटवलं की इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर यांची भेळ. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत, रुळायच्या आधी जे फॉन्ट होते त्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच अंगावर मराठी कपडे चढवले होते. माणूस कपडे बघतो, यंत्र अंग बघतं. म्हणून ती फाईल मराठीत शोधून जन्मात सापडायची नाही. एकदा वैतागून मी ती भेळच, एक शब्दभर, उचलून अवतरणात घातली. त्याच फॉन्टमधली आणखी चार भावंडं बाहेर आली! त्या रात्री मी आत्याला उठवून सांगणार होते.

स्कॅन केलेल्या पुस्तकांची तऱ्हा निराळी. यंत्र चित्रावरून अक्षर ओळखतं आणि घ ला ध म्हणतं, भ ला म. मी 'घोडबंदर' शोधून थकले आणि शेवटी 'धोडबंदर' असं टाकलं. निघालं. तेव्हापासून मी एखादं जुनं काही शोधताना आधी विचार करते की हे अक्षर चष्मा नसलेल्या माणसाला कसं दिसेल. 'ॲ'चं वेगळंच दुखणं. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत, अजूनही भागवतात. दिसायला सारखं, आतून निराळं. सर्च इंजिन यातलं पुष्कळ सावरून घेतं, पण अवतरणचिन्हं घातली की त्याचा हात आखडतो. आकड्यांचंही तसंच, देवनागरी १९६१ आणि इंग्रजी 1961 मी दोन्ही टाकते. एकावर विसंबत नाही.

तारखांचं एक चिन्ह आहे, बिफोर आणि आफ्टर, २०१९ मध्ये आलं. लोकांची त्यात एक ठरलेली चूक होते. माझीही झाली. बिफोर १९७० टाकलं म्हणजे १९७० च्या आधीच्या घटना सापडतील असं नाही. ते पान कधीचं आहे हे बघतं, पानात काय आहे हे नाही. आणि १९७० मध्ये पानं कुठली? जुन्या घटनेसाठी साल सरळ शब्दासारखं लिहावं.

काही चिन्हं गेलीही. शब्दाआधी अधिक लावलं की तो शब्द हवाच, असं पूर्वी चालायचं. २०११ मध्ये गूगलने ते काढलं, त्याच वर्षी त्यांनी आपल्या नव्या सोशल नेटवर्कला अधिकचं चिन्ह दिलं होतं. ते नेटवर्कही पुढे बंद पडलं, पण चिन्ह परत आलं नाही. नागमोडी रेघ होती, समानार्थी शब्द शोधायची, ती २०१३ मध्ये गेली. आणि २०२४ मध्ये गेलं ते मला सगळ्यात लागलं, कॅश. एखादं पान उडालं, बदललं तरी गूगलने ठेवलेली त्याची जुनी प्रत बघता यायची. आता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनकडे जावं लागतं, आणि तिथे कुणी ते पान जपलं असेल तर नशीब.

मी हे आत्याला समजावून सांगितलं. कचेरीत कागदांची वर्गवारी असते. अ वर्ग कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, आणि ड एक वर्ष, मग नष्ट. तिने हाताच्या बोटांवर ते मला मोजून दाखवलं आणि म्हणाली, "तुमच्या गूगलचा सगळाच कागद ड वर्गातला दिसतो."

हल्ली पानाच्या वर एक तयार उत्तर येतं, यंत्रानेच दहा ठिकाणचं वाचून लिहिलेलं. मी तिला कौतुकाने मोठ्याने वाचून दाखवलं. भाषा तर गुळगुळीत होती. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "खाली सही कुणाची आहे?" सही नव्हती. तिने पुन्हा वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. मी ते उत्तर टाकून देत नाही, सवड नसेल तेव्हा वाचते. पण सोसायटीच्या सभेत मांडायला मात्र सहीचा कागद घेऊन जाते.

एक प्रसंग मला अजून टोचतो. यादी शोधत होते, कसली ते महत्त्वाचं नाही. फाइलटाइप कोलन आणि एक्सेलचं शेपूट लावलं, साइट कोलन लावलं, आणि समोर उघडली ती शेकडो माणसांची नावं, मोबाईल नंबर, बँकेचे खाते क्रमांक. कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी ती फाईल चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवली असणार. मी चोरी केली नव्हती, कुलूप तोडलं नव्हतं, फक्त नीट शोधलं होतं. तरी खिडकी बंद करताना घाईने केली, जिन्यात कुणाचं तरी दार उघडं दिसल्यावर नजर वळवावी तशी. त्या कार्यालयाला मेल पाठवला. उत्तर आलं नाही, पण पंधरवड्याने फाईल तिथे नव्हती. आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे कपाटाची किल्ली माझ्या पदराला असायची." बस, एवढंच.

मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज आम्ही दिला. सुनावणीची तारीख लागली आहे, तिच्याबद्दल इथे काही लिहीत नाही, दृष्ट लागते.

मात्र त्या कागदांच्या नादात आत्याला भलतंच काही आठवलं. एका संध्याकाळी लाईट गेलेले, आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो, खाली इन्व्हर्टरवाल्यांचे दिवे. ती म्हणाली, "तुझ्या त्याच्यात ओव्या सापडतात का?"

आजी, म्हणजे तिची आई, कळव्याची. लहानपणी आत्या पहाटे जात्याच्या आवाजाने जागी व्हायची आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा झोपायची, घरघर कानात घेऊन. त्यातली एक ओळ तिला येत होती. 'खाडीच्या पल्याड, गाडी मिठाची चालली.' पुढची ओळ जात नव्हती आणि येतही नव्हती. कळव्याहून पल्याड म्हणजे ठाणं. खाडीच्या कडेला मिठागरं होती, मिठाच्या गाड्या जात असतील.

लाईट आल्यावर मी बसले. ओव्यांसाठी एक जागा मला ठाऊक होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या, त्या आता ग्रामीण भारताबद्दलच्या 'पारी' या संकेतस्थळावर येतात. साइट कोलन लावून तिथेच शोध बांधला. 'खाडीच्या पल्याड'. काही नाही. 'मिठाची गाडी', 'मिठाच्या गाड्या', मधला शब्द विसरला असेल म्हणून तारांकन. काही नाही.

आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली. चष्मा लावला. "पल्याड असं सगळ्या म्हणत नाहीत," ती म्हणाली. "पैल्याड टाक. पैलाड टाक. आणि तिथे बायका बोलल्या तसं लिहिलंय ना? मग तसंच टाक." मी तसं टाकलं. तिच्या सांगण्याप्रमाणे मीठाचं मिट केलं, चाललीचं चालली-चाल्ली दोन्ही केलं. तिला आता खेळ कळला होता. माझ्या प्रत्येक 'ऑर'ला ती आधीच पुढचं रूप घेऊन तयार असे. मध्येच एक दुसरीच ओवी लागली, मावळातल्या कुणा बाईच्या आवाजातली. ती आम्ही तीनदा ऐकली. भावाबद्दलची होती. आत्याने तिच्यावर टाळी धरली नाही, नुसता उजवा हात गुडघ्यावर गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखा.

आमची ओवी सापडली नाही. ती कदाचित आजीचीच असेल, त्या एका जात्यापुरती. किंवा असेल कुठेतरी, मी अजून न केलेल्या स्पेलिंगमध्ये.

मी आत्याला म्हटलं, मग मीच लिहून टाकते. आपण लिहिली की निदान पुढच्या कुणीतरी शोधली तर सापडेल. तिला ते पटलं. पण अर्धी कशी लिहायची, म्हणून दोन दिवस ती पुढच्या ओळीच्या मागे लागली. भाजी निवडताना पुटपुटायची. परवा सकाळी दात घासता घासता मोरीतूनच ओरडली, "आली!" मी वही घेऊन धावले.

'दादाच्या पागोट्याला, पहाट ग लागली,' ती म्हणाली. मी लिहून घेतलं. चूळ भरून बाहेर आली, पदराला तोंड पुसलं, आणि थांबली. "नाही ग. 'दादाच्या कांबळ्यावर, पहाट ग सांडली' अशी होती वाटतं."

"नक्की कुठली?"

तिने डोळे मिटून दोन्ही एकदा म्हणून बघितल्या. मग पुन्हा एकदा.

"दोन्ही लिही," ती म्हणाली. "आणि मध्ये ते तुझं 'किंवा' घाल. मोठ्या अक्षरांत."